झळ जाते कुठे?

मराठीला उष्णतेसाठी एक नाव पुरलं नाही. तव्याला बोट लागलं की चटका बसतो. चुलीसमोर बसलं की धग लागते. वैशाखातल्या दुपारी दार उघडलं की अंगावर झळ येते. शाळेच्या पुस्तकात वहन, प्रारण आणि अभिसरण असे तीन धडे असतात. आपल्या आज्यांनी ते तीन वेगळ्या शब्दांनी वेगळे ओळखले होते. या तिघांपैकी झळ हवेवर स्वार होऊन येते आणि वाट मिळाली तर हवेवरूनच निघून जाते. संगणकांच्या खोलीत सगळा मामला तिचाच असतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत गेलो होतो. जिन्याखालच्या खोलीत सर्व्हरचं उंच कपाट आणि दीड टनाचा एसी. “साहेब, सोळावर लावलाय, तरी वरचं मशीन बंद पडतंय,” तिथला तरुण काकुळतीने सांगत होता. कपाटापुढे पायांना गारठा जाणवत होता. वरच्या खणाशी हात नेला, तर भाकरीच्या चुलीजवळ नेल्यासारखा वाटला. कपाटाची पाठ भिंतीला टेकलेली. मागून निघालेली झळ वर चढून, रिकाम्या खणांतून पुन्हा पुढे येत होती आणि पंखे तीच तापलेली हवा परत आत ओढत होते. आम्ही कपाट हातभर पुढे घेतलं, रिकामे खण पुठ्ठ्यांनी बंद केले, एसीचा झोत कपाटाच्या तोंडाकडे वळवला. मग रिमोटवर 24 करूनही वरचं मशीन चालत राहिलं.

त्या पुठ्ठ्यांनी मला जे शिकवलं, तेच नंतर वाचलेल्या जाड पुस्तकांतही निघालं. गारवा ही भरायची वस्तू नाही. खोलीतली उष्णता फक्त दुसरीकडे नेता येते, आणि तिला वाट नसेल तर कितीही मोठं यंत्र आणा, ते स्वतःच्याच झोताशी झुंजत बसतं.

सर्व्हरमध्ये गेलेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होते. गिरणीतल्या विजेचं निदान कापड होतं; इथे आकडेमोडीला वजन नाही, आकार नाही. रॉल्फ लँडॉअर यांनी 1961 मध्ये दाखवून दिलं की माहितीचा एक कण पुसायचा म्हटलं तरी निसर्ग थोडी उष्णता वसूल करतोच. ती रक्कम अतिसूक्ष्म आहे, आजची यंत्रं तिच्या कितीतरी पट जास्त खर्च करतात. पण ती शून्य नाही, हे मला फार मोठं वाटतं. विसरण्यालाही ताप आहे.

तीन मीटर रुंद, चार लांब, तीन उंच अशा खोलीतली हवा भरते जेमतेम 43 किलो. तिच्यात 5 किलोवॉटची यंत्रं चालू असली आणि एसी थांबला, तर नुसत्या हवेच्या हिशोबाने तापमान मिनिटाला सुमारे 7 अंश चढतं. भिंती आणि लोखंड थोडी उष्णता पिऊन घेतात म्हणून प्रत्यक्षात वेळ मिळतो, पण फार नाही.

मोठ्या डेटा केंद्रांत म्हणून कपाटं समोरासमोर आणि पाठीला पाठ लावून ओळीत उभी करतात. दोन तोंडांमधली गल्ली गार, दोन पाठींमधली तापलेली. या दोन हवा एकमेकींना भेटू द्यायच्या नाहीत, हेच या विद्येचं सार. यंत्राच्या तोंडाशी 18 ते 27 अंश पुरतात, असं अमेरिकेतली ‘अ‍ॅश्रे’ ही अभियंत्यांची संस्था सांगते. सोळाचा आग्रह आपला आहे, यंत्राचा नाही.

एसी आपण टनात मोजतो तेव्हा खरं तर बर्फ मोजत असतो. 2,000 पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतं, तो एक टन. आजच्या भाषेत साडेतीन किलोवॉट. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचं बर्फ फ्रेडरिक ट्यूडर यांच्या व्यापारातून 1833 मध्ये कलकत्त्याला उतरलं, मुंबईतही त्यासाठी बर्फघर होतं. आणि विलिस कॅरियर यांनी 1902 मध्ये ब्रुकलिनमध्ये हवा आटोक्यात आणली ती माणसांसाठी नव्हे, दमट हवेत छापखान्याचा कागद फुगून रंग सरकू नयेत म्हणून. अक्षरांची सोय माणसाच्या सोयीआधी झाली.

खोलीबाहेर काढलेली झळ मात्र कुठेतरी जातेच. ती हवेवर सोडायची तर कॉम्प्रेसरला जास्त वीज लागते. पाण्यावर सोडली तर वीज वाचते. माठ ज्या न्यायाने गार होतो, तोच न्याय. म्हणूनच नागपूरला कुलर सुखावतो आणि दमट मुंबईत तो नुसती चिकचिक वाढवतो. एक किलोवॉट यंत्राची तासाभराची उष्णता निव्वळ बाष्पीभवनाने काढायला सुमारे दीड लिटर पाणी उडवावं लागतं. एक मेगावॉटला दिवसाकाठी 35,000 लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरचे साडेतीन टँकर.

या केंद्रांची काटकसर एका भागाकाराने मोजतात: एकूण वीज भागिले यंत्रांची वीज. आकडा एकच्या जितका जवळ तितकं कौतुक. या भागाकारात पाण्याला जागाच नाही, आणि मला ही मोठी चूक वाटते. पुण्यात पाषाणला, उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, ‘प्रत्युष’ हा महासंगणक 2018 मध्ये सुरू झाला तो मोसमी पावसाचं गणित मांडण्यासाठी. पावसाचा अंदाज काढणाऱ्या यंत्रालाही गार ठेवावंच लागतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही; अशा यंत्राचं काम मोलाचं आहे. हिशोब मात्र पूर्ण असावा.

नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात अशी केंद्रं उभी आहेत, आणखी गावांजवळ होतील. तुमच्या गावाजवळ होणार असेल, तर सभेत उठून विजेसोबत पाण्याचाही आकडा मागा, आणि ते पाणी पिण्याचं की सांडपाण्यातून शुद्ध केलेलं, हे लेखी घ्या.