खंडाची जमीन आणि वारकऱ्याचा धर्म



गेल्या माघात पिंपळगाव बसवंत येथे एका सप्ताहाचा काला झाला. प्रसाद वाटून झाला, पंगती उठल्या, टाळ-मृदंग जागेवर गेले, आणि प्रस्तुत लेखक मंडपाच्या खांबाला टेकून क्षणभर बसला होता. इतक्यात एक वयस्क माळकरी शेतकरी जवळ येऊन बसले. थोडा वेळ उगाच इकडचे तिकडचे बोलले, आणि मग म्हणाले, "महाराज, रागावू नका, पण एक इचारायचं व्हतं. जमीन मेली तर तिचं पाप कुणाला? मालकाला, का कसणाऱ्याला?"

मी लगेच उत्तर दिले. प्रश्न पुरा कानात शिरण्याआधी उत्तर देण्याची आम्हा कीर्तनकारांना खोडच असते. म्हणालो, "बाबा, ज्याच्या हातानं कर्म घडलं, त्याला." ते 'बरं' म्हणाले, नमस्कार केला आणि गेले. रात्री मात्र झोप लागेना. उत्तर शास्त्राला धरून होते की नाही ते पंडित जाणोत. माझ्या सोयीचे मात्र होते. कारण मी मालक आहे आणि माझी जमीन दुसरा कसतो.

ती हकीकत सांगण्याआधी जमीन मरते म्हणजे काय होते, हे थोडे सांगितले पाहिजे. आपल्या निफाड तालुक्याची काळी जमीन प्रसिद्ध. माझ्या लहानपणी नांगराच्या तासामागून बगळे चालत, कारण उलथलेल्या मातीत त्यांना किडे-गांडुळे मिळत. शेतात शेणखत पडे, धनगरांच्या मेंढ्या दोन-चार रात्री बसत, आणि पीक पालटून घेतले जाई. आपले वाडवडील 'बेवड' हा शब्द फार जपून वापरीत. हरभऱ्याचा बेवड चांगला, अमक्याच्या बेवडावर तमके घेऊ नये, अशी ती भाषा होती. आदल्या पिकाने जमिनीला काय दिले आणि तिच्यातून काय नेले, याचा हिशेब त्या एका शब्दात आहे. पुढे बाजारपेठ जवळ आली, हातात पैसा खेळू लागला, त्यात वाईट काही नाही. पण कांद्यावर कांदा, टोमॅटोवर टोमॅटो, पुन्हा कांदा असे सुरू झाले. गुरे कमी झाली, त्यामुळे शेणखत कमी झाले. मक्याची ताटे काडी लावून पेटविली जाऊ लागली. यंत्राने वरची माती पिठासारखी होते आणि खालचा थर थापल्यासारखा घट्ट राहतो. मग पावसाचे पाणी मुरत नाही, वरच्या वर मातीला घेऊन निघून जाते.

कोठे जाते? आमच्या बाजूचे ओढेनाले शेवटी कादवेत जातात, आणि कादवा नांदूरमध्यमेश्वरास गोदामाईला मिळते. तेथे इंग्रजांच्या अमदानीत, १९०७ ते १९१३ च्या दरम्यान, बंधारा बांधला गेला. तो गाळाने इतका भरत गेला की त्यात बेटे झाली, गवत-पाणवनस्पती वाढल्या, आणि दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. २०२० साली त्या जागेला रामसर यादीतील पाणथळ म्हणून मान मिळाला. महाराष्ट्रात तो मान पहिल्याने तिला मिळाला. लोक हौसेने पक्षी पाहावयास जातात. मीही गेलो होतो. परंतु पक्ष्यांचे कौतुक करताना ते ज्या गाळावर उभे आहेत तो कोणाच्या शेतातला, हा विचार मनातून जाईना. तेथून जो गाळ पुढे जातो तो नाथमहाराजांच्या पैठणाला, जायकवाडीच्या जलाशयात जाऊन बसतो. सबंध देशाचा अंदाज ध्रुवनारायण आणि रामबाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडला होता: दरसाल हेक्टरी सुमारे १६ टन माती धुपून जाते. म्हणजे एकरी साडेसहा टन. आणि खडक झिजून बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

त्यात आता पाऊसही पूर्वीचा राहिला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. आपल्याला ते वेगळे सांगायला नको. २०१४ च्या फाल्गुनातील गारपीट, २०१९ चा दिवाळीनंतरही न थांबलेला पाऊस, २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट, यांत ज्यांच्या द्राक्षबागा उभ्याच्या आडव्या झाल्या, असे वाचक या अंकाला पुष्कळ असतील.

यावर आपल्यातले काही भाविक म्हणतात, "पांडुरंगाची इच्छा, आपण काय करणार?" हे बोलणे नम्रतेचे वाटते, मला त्यात आळस अधिक दिसतो. गार देवाने पाडली असे एक वेळ म्हणू. पण त्या पावसाखाली माती उघडी-नागडी ठेवली ती कोणी? धुवाधार पाऊस उघड्या ढेकळांवर पडला तर माती नेतो, तोच पाऊस पाचोळ्यावर किंवा उभ्या पिकावर पडला तर बराचसा मुरतो. आपल्या हातचे तेवढे आपण करावे आणि उरलेले त्याच्या पायाशी ठेवावे. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही, देवालाच मळ्यात यावे लागले, असे परंपरा सांगते. त्या मळ्याची माती त्यांनी कशी राखली असेल, हे आम्ही कीर्तनात कधीच सांगत नाही.

आता माझी हकीकत. साडेतीन एकर जमीन. मुलगा नोकरीस, मी सप्ताह-कीर्तनांत आणि आषाढीला महिनाभर वाटेवर. म्हणून २००८ सालच्या पाडव्याला ती खंडाने दिली. कसणारे शेजारच्या गावचे, स्वतःची एकरभर जमीन असलेले, कष्टाळू गृहस्थ. दर पाडव्याला व्यवहार नव्याने ठरे आणि दर पाडव्याला मी खंड थोडा वाढवून घेई. चार ठिकाणी चौकशी केली की भाव कळतोच. त्या पैशातून घर चाले आणि दिंडीत दरसाल माझी एक पंगत होई. पंगतीला लोक पोट भरून जेवत, नाव घेत. मला धन्य वाटे.

अकरा वर्षे असे चालले. २०१९ च्या पावसाळ्याअखेर एकदा शेतात गेलो तर पाय रुतण्याऐवजी घसरला. वरच्या अंगाला मुरमाचे पांढुरके डाग दिसू लागले होते. बांध दोन ठिकाणी फुटलेला. कांद्याला पीळ पडलेला. मी चिडून बोललो, "माझ्या बापाची जमीन तुम्ही मारलीत."

ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "महाराज, तुम्ही माळकरी, तुमच्याशी खोटं बोलायचा न्हाई. पुढच्या पाडव्याला ही जमीन माझ्याकडं ऱ्हाईल का, हे मला ठावं नसतं. शेणखत आज टाकलं तर त्याचा गुण तीन वर्सं मिळतो. मी टाकायचं आन् गुण दुसऱ्यानं खायचा? आन् खंड तुम्ही दर साली वाढवला. ताग गाडायचा म्हंजे एक पीक सोडायचं. सोडलं तर तुमचा खंड कुठून देऊ?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, हे चरित्र मी शंभर वेळा तरी सांगितले असेल. सांगताना माझे स्वतःचे डोळे भरून येतात. आणि मी दर पाडव्याला घरी बसून खंड वाढवीत होतो.

माउली, येथे प्रश्नाचे खरे मूळ आहे असे मला वाटते. जमीन 'कसणाऱ्याने राखावी' असा उपदेश आपण करतो. सरकार करते, शास्त्रज्ञ करतात. सोलापुरास १९३३ सालापासून कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. बांधबंदिस्ती करावी, शेणखत घालावे, पेर विरळ ठेवावी, कोळपण्या कराव्यात, हे तेव्हापासून सांगितले जात आहे. म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. पण ज्याची मुदत एक वर्षाची त्याची नजरही एका वर्षाचीच होणार. जो मुदत ठरवितो तोच नजर ठरवितो. मग मातीचे पाप कसणाऱ्याच्या माथी मारून मालक मोकळा कसा होईल? आणि स्वतःची जमीन कसणारा तरी किती मोकळा आहे? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. ज्याला चार महिन्यांनी भाव काय असेल हे कळत नाही, आणि सोसायटीचा हप्ता मात्र तिथीला भरावा लागतो, त्याला 'नातवासाठी माती राख' म्हणून सांगताना जीभ थोडी अडखळली पाहिजे. शहरात स्वस्त कांदा मागणाराही या हिशेबातून सुटत नाही. तरीही माझ्यापुरता प्रश्न सोपा होता. मला कोणी अडविले नव्हते.

घरी सांगितले की पाच वर्षांची मुदत द्यायची आणि खंड एक तृतीयांश कमी करायचा. मुलगा म्हणाला, "आण्णा, कूळ लागेल." १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांची धास्ती अजून घराघरात आहे. त्या कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला. पण त्याच्या भयाने मालक अकरा महिन्यांच्या तोंडी बोलीवर आले, आणि ती बोली मातीला भोवली. मी कागद केला नाही. कायद्याच्या भयाने केला नाही असे नव्हे, असे म्हटले तर ते खोटे होईल. तुळशीची माळ हातात धरून शब्द दिला, इतकेच. सूनबाईंनी विचारले, "मग वारीच्या पंगतीचं कसं?" पंगत थांबविली. दिंडीतल्या काही मंडळींनी कुजबुज केली, महाराज चिक्कू झाले म्हणून. ती कुजबुज पहिल्या वर्षी फार लागली.

शेताचे आम्ही दोघांनी मिळून असे ठरविले. तीन तुकडे केले. एकात पावसाळ्यात ताग, तो फुलावर येताच गाडायचा आणि पौषात त्यावर उन्हाळ कांदा. दुसऱ्यात बाजरीत तूर. बाजरी लवकर निघते, तिची मुळे वरच्या थरात, तूर खोल जाते, पुढे पौषापर्यंत उभी राहून जमीन झाकते आणि आपला पाला खाली ढाळते. तिसऱ्यात मूग आणि त्यामागे हरभरा. या द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात. दुसऱ्या वर्षी तुकडे पालटायचे, म्हणजे कांदा त्याच जागी तीन वर्षांनी येतो. काडी लावायची नाही. वाफे रुंद, बाजूने सरी, उताराला आडवे. फार पाऊस झाला तर पाणी सरीतून सावकाश निघते, कमी झाला तर तेथेच मुरते. बांधावर गवत राखायचे. आणि वर्षाआड मेंढ्या बसवायच्या, त्याचे धान्य-पैसे अर्धे मी द्यायचे.

यात चमत्कार काही झाला नाही. पहिली दोन वर्षे उत्पन्न घटले. ताग गाडताना त्या गृहस्थांचे तोंड उतरलेले मी पाहिले आहे. २०२३ च्या गारपिटीत तुरीचा फुलोरा झडला, कांद्याची रोपे झोपली. हरभरा तेवढा सावरला. गारेवर मिश्र पीक हे औषध नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण पुढे निर्यातबंदीत कांदा पडला तेव्हा सर्वस्व कांद्यात नव्हते, म्हणून त्यांना उसनवारी करावी लागली नाही. आणि दुसऱ्या पावसाळ्यात मोठ्या पावसानंतर आम्ही बांधावर उभे राहिलो, तेव्हा शेजारून जाणारे पाणी काळेभोर होते, आमच्या सरीतले गढूळ होते खरे, पण तितके नव्हते. त्या गृहस्थांनी ओंजळीत धरून मला दाखविले. मुरमाचे डाग तसेच आहेत. ते माझ्या हयातीत जाणार नाहीत.

मंडपातल्या त्या माळकरी बाबांना मी पुष्कळ शोधले. त्यांना सांगायचे होते की दिलेले उत्तर मी परत घेतो. नाव विचारून घेतले नव्हते, त्यामुळे गाठ पडली नाही. ते स्वतः मालक होते की कसणारे, हेही मला ठाऊक नाही.

पाच वर्षांची मुदत संपली, आणि नंतरचे वर्षही तसेच तोंडी गेले. या पाडव्याला ते गृहस्थ घरी आले, चहा घेतला, आणि प्रथमच म्हणाले, "महाराज, शब्दावर माझा भरोसा हाय. पण तुमच्या माघारी पोरं शब्द पाळतील का? बांधावर चार आंबे लावावं म्हणतो. कागद केला तर लावीन." मुद्रांकाचा कागद आणून देवघरात ठेवला आहे. तो अजून कोराच आहे. मुलाशी दोनदा बोलणे झाले, दोनदा वादच झाला. ज्येष्ठात नाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघेल, त्याआधी त्यावर सही व्हावी अशी खटपट चालली आहे.