बाणाच्या आत काय घडतं ते सांगा

तुमचा प्रकल्प-अहवाल मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि तो मी स्वीकारणार नाही. छपाई सुबक आहे, आकृत्या रंगीत आहेत, संदर्भही नीट लावलेत. पण शीर्षकात 'कार्यकारी स्मृतीच्या मॉडेलची निर्मिती' असं लिहिलंत आणि आत चालणारं काहीही नाही. चार चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण, एवढंच. एका बाणावर 'माहिती' असं लिहिलंय. ही माहिती कोणत्या रूपात जाते? किती वेळ टिकते? दोन गोष्टी एकदम आल्या तर आधी कोणती घेतली जाते? एकाही प्रश्नाला अहवालात उत्तर नाही. विचारलं तर म्हणता, "सर, ते इम्प्लिमेंटेशनचं आहे, नंतर बघू." पत्रिका छापली म्हणून लग्न लागत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

ती आकृती तुमची नाही. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी ती १९७४ मध्ये मांडली, तेव्हा तीन भाग होते. चौथा बॅडलींनी २००० साली जोडला. मोलाचं काम आहे ते. लांब शब्दांची यादी कमी का आठवते, सारख्या उच्चाराची अक्षरं का गोंधळात पाडतात, हे त्यातून उलगडलं. ऐकलेले शब्द माणूस मनातल्या मनात पुन्हा पुन्हा घोकतो, घोकणं थांबलं की त्यांचा ठसा काही क्षणांत पुसट होतो, हा त्याचा गाभा. वाचताना पटतं. तुम्हालाही पटलं, आणि तुम्ही तिथेच थांबलात.

आता मला सांगा, फोन नंबर आठवताना आकडे क्रमानं कसे येतात? नऊनंतर आठ आणि आठनंतर दोन, हे कुठे साठवलेलं असतं? चौकटीत शोधा. सापडणार नाही, कारण ते तिथे नाहीच. 'घोकतो' या क्रियापदात क्रम गृहीत धरलेला आहे आणि वाचणारा तो आपल्या पदरचा भरून घेतो. यंत्र पदरचं काही भरत नाही. म्हणून हिच यांनीच नील बर्जेस यांच्याबरोबर १९९२ मध्ये या घोकण्याच्या भागाचं चालणारं न्यूरल जाळं बांधायला घेतलं, तेव्हा क्रमाचा प्रश्न त्यांना सोडवावाच लागला. सगळ्यात सोपी कल्पना साखळीची, म्हणजे प्रत्येक अक्षरानं पुढच्या अक्षराची आठवण द्यायची. ऐकायला किती सरळ! पण साखळी खरी असेल तर तिचे परिणामही भोगावे लागतात. इंग्रजी अक्षरांच्या यादीत बी, पी, टी यांसारखी मिळत्याजुळत्या उच्चारांची आणि के, आर, वाय यांसारखी वेगळ्या उच्चारांची अक्षरं आलटून पालटून ठेवली, तर बी आणि पी यांची गल्लत होते. मग त्यांच्या पाठोपाठ येणारी अक्षरंही चुकायला हवीत, कारण आठवण देणारी खूणच अस्पष्ट झाली. माणसं तशी चुकत नाहीत. ती सारख्या अक्षरांवर अडखळतात आणि मधली वेगळी अक्षरं बरोबर जागी सांगतात. बॅडलींचे १९६८ चे प्रयोग हेच दाखवत होते. १९९९ च्या सुधारित मॉडेलमध्ये क्रमाचं काम साखळीकडून काढून, काळाबरोबर हळूहळू बदलत जाणाऱ्या संदर्भाच्या खुणेकडे दिलं गेलं. बघा, मॉडेल मांडणाऱ्यांपैकीच एक माणूस पुन्हा कामाला लागला आणि आपल्याच चौकटीत काय राहून गेलंय ते त्यानं शोधलं. आणि तुम्ही ती चौकट जशीच्या तशी उचलून खाली स्वतःची नावं टाकलीत.

बरं, उचललीत ती तरी डोळे उघडे ठेवून? परिशिष्टात तुम्ही मराठी विद्यार्थ्यांसाठी चाचणी सुचवली आहे. 'भिन्न उच्चारांची अक्षरं' म्हणून क, म, र, ल, स अशी यादी दिली आहे. म्हणून पाहा ती मोठ्यानं. प्रत्येक अक्षर 'अ' वर संपतं! इंग्रजीत बी, पी, टी सारखी वाटतात ती शेवटच्या 'ई' मुळे. आपली व्यंजनं म्हणताना सगळीच एका स्वरावर येऊन थांबतात. म्हणजे भिन्न म्हणून जी यादी दिलीत, ती त्या कसोटीवर एकसारखी निघाली. मॉडेलमधला 'उच्चार-साम्य' हा शब्द मराठी तोंडात आणि मराठी कानात उतरवायचा असतो. तुम्ही तो नुसता टंकलिखित केलात. एकदा जरी तुम्ही एकमेकांवर ही चाचणी घेतली असतीत, तरी पाच मिनिटांत कळलं असतं.

तुमच्यातले जे स्वतःला सिद्धांताचे म्हणवतात, त्यांनीही ऐकावं. "सिद्धता दिली की कोड लिहिणं कारकुनी काम आहे," हे वाक्य मी या वर्गात पुन्हा ऐकणार नाही. बायनरी सर्च तुम्ही दुसऱ्या वर्षाला शिकलात. यादीचं खालचं टोक आणि वरचं टोक यांची बेरीज करायची, निम्मी करायची, मधोमध बघायचं. जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या पुस्तकात तो बरोबर असल्याची सिद्धतासुद्धा आहे. आणि तरीही २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की जावाच्या लायब्ररीतला, त्यांनी स्वतः लिहिलेला बायनरी सर्च चुकीचा आहे आणि बेंटलींच्या पुस्तकातल्या प्रोग्राममध्येही तीच चूक आहे. का? कागदावरची बेरीज कितीही मोठी होऊ शकते, पण ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेलं की बेरीज ऋण होते. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की मधली जागाच यादीबाहेर पडते. तर्कात खोट नव्हती. तर्क ज्या पूर्णांकांबद्दल होता, ते पूर्णांक यंत्रात नव्हते. हे अंतर कारकुनी नाही. संगणकशास्त्राचा निम्मा अभ्यास त्या अंतराचाच आहे.

मागच्या बाकावरचा दुसरा गट, तुम्ही मान डोलावू नका. तुमचा प्रोग्राम चालतो, हे मी पाहिलं. आलेखही माणसांच्या आलेखाशी जुळतो. पण तो जुळावा म्हणून कोणकोणते आकडे किती वेळा फिरवलेत, ते अहवालात कुठे आहे? त्यातले मॉडेलनं मागितलेले कोणते आणि तुम्ही अडचण आली म्हणून घुसवलेले कोणते?

रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी १९८६ मध्ये इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ शिकणारं जाळं दाखवलं. मुलं आधी बरोबर रूप बोलतात, मग मध्येच नियम नको तिथे लावून चुकतात, नंतर सावरतात. जाळ्यानंही तसंच केलं आणि खूप गाजलं. १९८८ मध्ये पिंकर आणि प्रिन्स यांनी बोट ठेवलं ते जाळ्याला दिलेल्या शिकवणीवर. आधी फक्त १० क्रियापदं दिली होती, त्यांतली ८ अनियमित. मग एकदम ४१० आणखी ओतली, त्यांतली बहुतेक नियमित. घसरण आली ती या पुरामुळे, आणि कुठल्याही मुलाच्या कानावर भाषा अशी धरण फुटल्यासारखी येत नाही. वाद पुढे कित्येक वर्षं चालला आणि त्यातून विषय खूप पुढे गेला. तो वाद होऊ शकला, कारण रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी जाळ्याला काय दिलं, किती दिलं, कधी दिलं हे छापून ठेवलं होतं. तुमच्या अहवालावर वादसुद्धा घालता येत नाही. पकडायला जागाच ठेवलेली नाही.

आणि साधनं नाहीत, चांगलं मशीन मिळालं नाही, ही तक्रार मला सांगू नका. १९५६ च्या जानेवारीत हर्बर्ट सायमन यांनी लॉजिक थिअरिस्ट हा प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम पहिल्यांदा चालवून पाहिला तो माणसांवर. बायको, मुलं आणि काही विद्यार्थी यांच्या हातात एकेक कार्ड दिलं, प्रत्येकजण प्रोग्रामचा एक भाग झाला. यंत्रावर तो नंतर गेला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटानं टीफ्रॅक हा संगणक बांधला, १९६० मध्ये तो रीतसर सुरू झाला. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे सगळी मिळून दहा किलोबाइट. तुमच्या खिशातल्या फोनमधला एक फोटो त्यात मावणार नाही. हेच नरसिंहन पुढे भाषिक वर्तनाच्या मॉडेलकडे वळले. तुम्हाला कशाची उणीव आहे?

मला राग तुमच्या अज्ञानाचा नाही. अज्ञान घालवायलाच मी इथे उभा आहे. राग याचा आहे की तुमच्यात बुद्धी आहे, प्रश्न कुठे दडलाय ते तुम्हाला दिसतं, आणि तिथे हात घालायची वेळ आली की तुम्ही त्यावर एक बाण काढून पुढे सरकता.

दोन्ही गटांना सोमवारपर्यंत मुदत देतो. पहिल्या गटानं फक्त एक चौकट घ्यायची, घोकण्याची. सहा शब्द आत जातील आणि क्रमानं बाहेर येतील, एवढंच करून आणा. बाकीच्या तीन चौकटींना हात लावू नका. शब्द मराठी हवेत आणि आधी एकमेकांवर तपासलेले हवेत. दुसऱ्या गटानं नवीन कोड लिहायचा नाही. मॉडेलमध्ये नसलेला आणि तुम्ही स्वतः घेतलेला प्रत्येक निर्णय, त्याचं कारण आणि तो बदलला तर आलेखाचं काय होतं, हे हातानं लिहून आणा. प्रयोगशाळा संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवायला मी सांगितलंय. अडलात तर माझ्या खोलीत या, पण 'चालत नाही' एवढंच सांगायला येऊ नका. कुठल्या ओळीवर, कोणत्या शब्दाला आणि त्या क्षणी आत काय साठलेलं होतं, ते लिहून घेऊन या.