पारणे नसलेला उपवास

क्षुधेसारखी आदिम गोष्ट प्रश्नांच्या रकान्यांत मांडता येईल, ही कल्पना वैद्यकाला सुचण्यास पुष्कळ काळ लागला. लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये लासेग यांनी 1873 साली अन्न वर्ज्य करून क्षीण होणाऱ्या तरुणींच्या कैफियती नोंदविल्या, त्या रुग्णांना प्रत्यक्ष न्याहाळून. टोरांटोतील गार्नर व गार्फिंकेल यांची खाण्याविषयीच्या वृत्ती तपासणारी 40 विधानांची प्रश्नावली सिद्ध झाली ती 1979 साली, आणि 1982 मध्ये तिचे 26 विधानांचे रूप आले, ज्यात 20 वा अधिक गुण पडल्यास पुढील तपास करावा असा दंडक ठरला.

हा दंडक हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याची खरी परीक्षा झाली. किंग व भुगरा यांनी उत्तरेकडील शाळकरी मुलींची उत्तरे तपासून 1989 साली दाखविले की, भाषा आणि रीतिरिवाज यांमुळे काही विधानांचा अर्थच पालटतो. भूक असूनही खाण्याचे टाळतेस काय, असे पेणच्या एखाद्या मुलीला विचारावे, तर हरतालिकेचा उपवास प्रेमाने करणारी मुलगी प्रामाणिकपणे होकार देईल. आणि त्याच तालुक्यातील, आईबापांसोबत वीटभट्टीवर स्थलांतर करणारी कातकरी मुलगीही देईल, पण तिच्या होकारामागे व्रत नसून रिकामी चूल असेल. या दोन होकारांना एकच गुण देणारे दप्तर मला अन्यायाचे वाटते.

यापुढचे पाऊल मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज व त्यांच्या सहकाऱ्यांच्या विचारातून पडले. दुःखद विचार मनात येणे हा विकार नव्हे, त्या विचारालाच सत्य मानून आयुष्य आखडून घेणे हा ताठरपणा होय, असे त्यांचे प्रतिपादन. आणि त्याच धोरणाने ग्रेको, लॅम्बर्ट व बेअर यांनी 2008 साली किशोरांमधील हा ताठरपणा मोजणारी 17 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रौढांसाठीच्या तत्सम प्रश्नावलीवर, ती ताठरपणापेक्षा निव्वळ दुःखच मोजते, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि प्रश्नाचा रोख ताटावरून मनाकडे वळला, हा लाभ मोठा आहे.

कारण आपल्या परंपरेत उपवासाला पारणे आहे, आणि बालक, वृद्ध, रुग्ण व गर्भवती यांना मुभा आहे. जाड होईन या भयाने लादून घेतलेल्या नियमाला मात्र ना पारणे असते, ना सवलत. व्रत व विकार यांची सीमा येथे आहे, खाल्लेल्या घासांच्या संख्येत नाही. ही सीमा ओळखण्याची जागाही आपल्याकडे आहे: राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 साली सुरू झाला, आणि महाराष्ट्रात त्याच्या सल्लाकेंद्रांना ‘मैत्री’ हे सुंदर नाव लाभले. अशा केंद्रात पेणच्या मुलीपुढे छापील कागद ठेवण्यापूर्वी एखाद्या ताईने तिला तिच्याच आगरी बोलीत विचारावे की, उपवास मोडला तेव्हा मनाला काय वाटले, आणि दुसऱ्या दिवशी ती पोटभर जेवली काय.