शब्दांत नसलेला पीटर

एझ्रा जॅक कीट्सच्या ‘द स्नोई डे’ या पुस्तकातली सगळी वाक्यं एका कागदावर उतरवून, चित्रं न दाखवता वर्गात वाचली, तर ऐकणाऱ्या मुलांना एवढंच कळेल : पीटर नावाचा मुलगा सकाळी उठतो, खिडकीबाहेर सगळीकडे बर्फ दिसतं आणि तो दिवसभर त्यात खेळतो. पीटर कृष्णवर्णीय आहे, हे त्या वाक्यांत कुठेच सांगितलेलं नाही. हे पुस्तक १९६२ साली निघालं. १९६३मध्ये त्याला चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं सर्वांत मानाचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. अमेरिकी बालसाहित्याच्या इतिहासात त्याचं नाव घेतलं जातं, ते मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या रंगीत चित्रपुस्तकाचा नायक म्हणून एक कृष्णवर्णीय मुलगा सहजपणे, कुणाच्या दयेचा किंवा हसण्याचा विषय न होता, समोर आला म्हणून. म्हणजे ज्यासाठी हे पुस्तक मोठं ठरलं, ती गोष्ट फक्त चित्रांत आहे.

लिहिणारा आणि चित्रं काढणारा एकच असतो, अशा लेखकाचा वर्गात अभ्यास करायचा म्हणजे काय करायचं, या प्रश्नाचं माझं उत्तर इथून सुरू होतं. अशा पुस्तकात चित्र हे मजकुराच्या बरोबरीनं वाचायचं असतं, आणि ते वाचायला शिकवावं लागतं. आपल्या वर्गांत ते शिकवलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. धडा संपला की ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ येतं, आणि ती सगळी उत्तरं शब्दांतच सापडतील अशी सोय केलेली असते. पानावरच्या चित्राला कुणी काही विचारत नाही.

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत एकच लेखक घेऊन काही आठवडे त्याचीच पुस्तकं वाचायची चांगली रीत आहे. पण तिचाही साचा होऊ शकतो. एरिक कार्लचंच बघा. त्याच्या भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक वाचायचं, शिक्षकांनी आधीच कापून ठेवलेले हिरवे गोल मुलांनी एकापुढे एक चिकटवायचे, सगळ्यांचे सारखे सुरवंट भिंतीवर लावायचे. खुद्द कार्ल मात्र पातळ टिश्यू कागद आधी स्वतः रंगवायचा. ब्रशचे फटकारे त्यावर राहू द्यायचा, रंगांप्रमाणे ते कागद खणांत लावून ठेवायचा आणि मग त्यातून आकार कापायचा. त्याचं खरं काम कापण्याच्या आधीच्या त्या रंगवण्यात होतं, आणि वर्गात नेमकं तेच गाळलं जातं. आपल्याकडे रूप वेगळं, पण गत तीच. धड्याच्या वर चौकटीत जन्मसाल, ग्रंथसंपदा, पुरस्कार. चौकट पाठ केली की लेखक झाला. चित्रकाराचं नाव पुस्तकाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत असतं, आणि ते पान कुठलंच मूल उघडत नाही.

कीट्सकडे परत येऊ. त्याच्या पुस्तकाची सुरुवात वर्गात मी चरित्रानं करणार नाही, सामानानं करेन. पीटरच्या आईच्या अंगावरचा झगा कशाचा आहे? कपाटाच्या फळ्यांवर अंथरतात त्या मेणकापडाचा. पलंगावरची चादर बेल्जियमच्या कॅनव्हासच्या तुकड्याची. बर्फाचे कण खोडरबर कोरून केलेल्या ठशांचे. रात्री पीटर झोपायला जातो त्या पानांवरची करडी पार्श्वभूमी दात घासायच्या ब्रशनं शाई उडवून केलेली. कागद आणि कापड चिकटवून असं चित्र करायची कीट्सची ही पहिलीच मोठी खेप होती. सुरुवातीला चार-दोन ठिकाणीच नक्षीदार कागद वापरायचा त्याचा विचार होता, पण एक तुकडा लावला की दुसरा मागितला जाई आणि अख्खं पुस्तकच त्या रीतीचं झालं.

हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत करता येईल. भेंडी कापून ठसे उठवणं, ब्रशनं रंगाचे शिंतोडे उडवणं आपल्या मुलांना चित्रकलेच्या तासाला ठाऊक असतंच. फक्त ते तेवढ्यापुरतं राहतं, भाषेच्या तासाकडे येत नाही. खोडरबराचा एक ठसा स्वतः कोरून पाहिलेल्या मुलाला पुढच्या वेळी पुस्तकातला बर्फाचा कण दिसतो तेव्हा तो कुणीतरी केलेला दिसतो. पुस्तक हे आकाशातून पडत नाही, कुणीतरी बसून, खोडून, बदलून ते करतं, हे व्याख्यानातून कळत नाही.

मग एक पान निवडून त्यावर थांबावं. पीटर बर्फातून चालतो : आधी पावलं बाहेरच्या बाजूला वळवून, मग आतल्या बाजूला. मग पाय फरफटत नेतो, तेव्हा बर्फात दोन लांब रेषा उमटतात. आणि मग तिसरी रेषा येते. बर्फातून काहीतरी वर आलेलं त्याला सापडलंय, एवढंच शब्द सांगतात. काय सापडलं ते पान उलटल्यावर कळतं : काठी. शिक्षकानं इथं पान उलटायची घाई करू नये. “तिसरी रेषा कशाची असेल?” एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर चित्रातल्या खुणांवरून काढायचं आहे, आणि पहिलीतलं मूलही ते काढतं. पान उलटण्याची जागा लेखकानं ठरवलेली असते, तीसुद्धा त्याच्या लिखाणाचा भाग असते, हे याच पानावर समजावता येतं. चित्रपुस्तक मोठ्यानं वाचताना बरेच जण मजकूर संपला की लगेच पान उलटतात. मुलांची नजर तेव्हा चित्राच्या अर्ध्यावर असते.

एका पुस्तकावर मात्र लेखक कळत नाही. कीट्सनं पीटरला पुढे वाढवलं. १९६४च्या ‘व्हिसल फॉर विली’मध्ये तो कुत्र्यासाठी शीळ घालायला शिकतोय. १९६७च्या ‘पीटर्स चेअर’मध्ये घरी धाकटी बहीण आलीय, पीटरच्या जुन्या वस्तू बाबा गुलाबी रंगवतायत, म्हणून तो आपली लहानपणची खुर्ची घेऊन रुसून घराबाहेर जातो आणि बसायला जातो तर त्या खुर्चीत मावत नाही. १९६८च्या पुस्तकात तो एमी नावाच्या मैत्रिणीला वाढदिवसाचं बोलावणं पाठवतो. १९६९च्या ‘गॉगल्स!’मध्ये मोठी मुलं दांडगाई करायला येतात. ही पुस्तकं वर्षांच्या क्रमानं फरशीवर मांडली की मुलं न सांगता बोलायला लागतात. पीटर उंच झाला. पहिल्या पुस्तकातला स्वच्छ पांढरा बर्फ जाऊन मोडकळीला आलेली भिंत आणि रस्त्याकडेचं भंगार आलं. चिकटकाम कमी होऊन रंगाचे जाड थर वाढले. लेखकाची वाटचाल, बदलती शैली हे शब्द आपण दहावीनंतर वापरतो. ती गोष्ट मात्र दुसरीतल्या मुलांना उघड्या डोळ्यांनी दिसते, सलग पुस्तकं हाताशी असली तर. ती हाताशी असणं हाच आपल्याकडचा मोठा अडसर आहे. शाळेच्या कपाटाला कुलूप असेल, तर लेखकाचा अभ्यास चौकटीपलीकडे जाणार कसा?

चरित्र यानंतर. मुलं स्वतः “याला हे कसं सुचलं?” असं विचारतील तेव्हा. कीट्सचं आयुष्य सांगण्यासारखं आहे. १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू घरात त्याचा जन्म झाला. मूळ नाव जेकब एझ्रा काट्झ. ज्यूंविषयीच्या द्वेषामुळे पुढे त्यानं ते कायद्यानं बदललं. वडील एका खानावळीत वाढप्याचं काम करत. चित्रकलेवर पोट भरत नाही, असं ते मुलाला बजावत. आणि अधूनमधून रंगांच्या नळ्या घरी आणत, म्हणत, कुणा उपाशी चित्रकारानं सूपच्या बदल्यात दिल्या. १९३५मध्ये, शाळेच्या पदवीदान समारंभाच्या आदल्या दिवशी, वडील रस्त्यात हृदयविकारानं गेले. ओळख पटवायला एझ्राला जावं लागलं. वडिलांच्या पाकिटात त्याला आपल्याच बक्षिसांच्या वर्तमानपत्री बातम्यांची जीर्ण कात्रणं मिळाली. हा प्रसंग पहिलीच्या वर्गात सांगायचा नाही. सहावी-सातवीत जरूर सांगावा.

दुसरं एक कात्रण सगळ्यांना सांगता येईल. १९४० साली ‘लाइफ’ मासिकात जॉर्जिया राज्यातल्या एका लहान कृष्णवर्णीय मुलाची छायाचित्रं आली होती. त्याचं रक्त तपासायला घेतलं जातंय आणि चेहरा क्षणाक्षणाला बदलतोय. कीट्सनं ती कापून ठेवली. पुढे इतरांच्या पुस्तकांसाठी तो वर्षानुवर्षं चित्रं काढत राहिला आणि त्या हस्तलिखितांत असा मुलगा नायक म्हणून कधी येत नाही, हे त्याला खटकत राहिलं. स्वतःचं पुस्तक लिहायची वेळ आली तेव्हा भिंतीवर तीच छायाचित्रं लागली. कापल्यापासून पुस्तक निघेपर्यंत मध्ये २२ वर्षं गेली. चौकटीत मावणारी ही माहिती नव्हे, आणि लेखकाविषयी मुलांना सांगण्यासारखं याहून मोलाचं मला तरी काही दिसत नाही.

मराठीत असा अभ्यास उद्याच सुरू करता येईल, कारण माधुरी पुरंदरे आपल्याकडे आहेत. लिहिणं आणि चित्र काढणं दोन्ही त्यांचंच. ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ यांसारखे पुस्तकसंच, ‘बाबांच्या मिशा’, ‘चित्रवाचन’ ही सगळी ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं सहज मिळतात. एका शाळेला पाच-सहा पुस्तकांचा खर्च जड नाही. घरातल्या माणसांचं बसणं-उठणं, स्वयंपाकघरातला पसारा, अंगणातली उन्हं हे त्यांच्या चित्रांत कसं येतं, हे मुलांनी बोटानं दाखवत वाचावं. मग शब्दांत काय लिहिलंय आणि काय मुद्दाम चित्रावर सोडलंय, हे शोधावं.

अभ्यास म्हणजे आरती मात्र नव्हे. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या ६३ प्रकाशकांची तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं तपासली. त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं, म्हणजे ६.७ टक्के. या पाहणीवर लिहिलेल्या लेखात त्यांनी ‘द स्नोई डे’वरही बोट ठेवलं : आई स्थूल, भडक पिवळ्या चौकडीच्या झग्यात, म्हणजे गोऱ्यांच्या घरात राबणाऱ्या मोलकरणीच्या जुन्या ठरीव प्रतिमेकडे झुकणारी. कीट्स दुखावला, त्यानं उत्तरही दिलं. पुढे रुडीन सिम्स बिशप या अभ्यासकांनीही, वर्णाचा उल्लेखच टाळणाऱ्या पुस्तकांविषयी गंभीर प्रश्न विचारले. दुसऱ्या बाजूला एका शिक्षिकेनं कीट्सला कळवलं होतं की तिच्या वर्गातली कृष्णवर्णीय मुलं आजवर स्वतःचं चित्र गुलाबी खडूनं काढायची, पुस्तक पाहिल्यावर त्यांनी पहिल्यांदा तपकिरी खडू उचलला. मला लॅरिक यांचा आकडा अतिशय महत्त्वाचा वाटतो आणि आईविषयीचा त्यांचा निकाल कठोर वाटतो. पण सातवीच्या मुलांनी माझं मत कशाला घ्यावं? आईचं ते पान समोर ठेवावं, दोन्ही बाजू सांगाव्यात आणि वाद होऊ द्यावा.

आणि लॅरिक यांची मोजणी आपल्या पुस्तकांवर लावावी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, त्याची बातमी झाली. त्या चित्रानं जे सांगितलं, त्यासाठी धडा लिहावा लागला नाही. मुलांनी आपापली पाठ्यपुस्तकं घेऊन मोजावं : पाणी भरताना कोण दिसतं, पेपर वाचताना कोण, शेतात कोण, खुर्चीवर कोण. कुणाची वस्ती, कुणाची बोली, कुणाचा पोशाख एकाही पानावर नाही, हेही पाहावं. आकडे फळ्यावर लिहावेत, आणि ते पुस्तकाच्या चित्रकारांना व संपादकांना पत्रानं कळवावेत, खाली वर्गाच्या सह्या करून.