गुन्हा कबूल

गौरी-गणपतीत आमच्या दाभोळात आरतीनंतर जागर असतो, आणि जागर म्हटला की पत्त्यांचा डाव आलाच. डावात पैसे लागतात हे लहान पोरालाही ठाऊक. तीसेक वर्षांपूर्वी अशाच एका रात्री वाडीतल्या एका पडवीवर धाड पडली. नऊ जण धरले, त्यात आमचे काका. काका पत्त्यांना हातही लावत नसत. चहाची किटली घेऊन गेले होते.

1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात एक गंमत आहे. डाव चालू असताना अड्ड्यावर जो सापडेल, तो जुगारासाठीच आला होता असं धरून चालतात. तसं नव्हतं हे त्यानंच सिद्ध करायचं. म्हणजे काकांनी किटलीला साक्षीला न्यायला हवं होतं!

तालुक्याच्या कोर्टात वकिलांनी सगळ्यांना व्हरांड्यात गोळा केलं. "साहेबांनी विचारलं की 'गुन्हा कबूल' म्हणायचं. दंड भरा नि दुपारच्या एसटीनं घरी जा."

काका म्हणाले, "पण मी खेळतच नव्हतो हो."

"मग नाकबूल म्हणा. तारखा पडतील. प्रत्येक तारखेला यावं लागेल."

नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, होड्या पाण्यात. काका दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. एक तारीख म्हणजे एका दिवसाची कमाई आणि वर एसटीचं भाडं. तांडेल दोनदा ऐकून घेईल, तिसऱ्यांदा दुसरा गडी बघेल. काकांनी मनात हिशेब केला आणि बाकीच्या आठांसारखंच म्हणून टाकलं.

पुढे मी चिपळूणला एका वकिलांकडे कारकुनी केली. तिथे 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता हाताशी असायची. ती 2024 पर्यंत लागू होती. तिचं कलम 252 सांगायचं, आरोपीनं गुन्हा कबूल केला तर ती कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. त्यावर दोषी ठरवायचं की नाही, हे पुन्हा मॅजिस्ट्रेटच्या विवेकावर सोडलेलं होतं. ते वाचून मी थबकलो. काकांचे स्वतःचे शब्द व्हरांड्यातच राहिले होते. कागदावर गेले ते वकिलांचे.

मग काकांनी हे स्वखुशीनं केलं म्हणायचं का? मारहाण नाही, दमदाटी नाही, दोन्ही वाटा खुल्या होत्या. पण एका वाटेवर थोडा दंड आणि दुसरीवर अख्खा हंगाम असेल, तर माणूस निवड करतो की नुसती बेरीज-वजाबाकी? 1922 साली अहमदाबादेत गांधीजींनी राजद्रोहाचा गुन्हा कबूल केला आणि वर कडक शिक्षा मागून घेतली. सहा वर्षं मिळाली. ती कबुली मोकळी म्हणता येते, कारण तिच्यात सवलतीचा पैचाही हिशेब नव्हता.

इथे कसाबचं नाव काढणं विचित्र वाटेल, पण काढतो. 20 जुलै 2009 ला त्यानं मुंबईच्या विशेष न्यायालयात अचानक कबुली दिली. न्यायाधीश ताहिलियानींनी ती नोंदवून घेतली, पण तेवढ्यावर खटला मिटवला नाही, कारण सगळे आरोप त्यानं मानले नव्हते. साक्षीपुरावे पुढे चालले आणि निकाल मे 2010 मध्ये लागला. एवढ्या मोठ्या गुन्ह्यात कबुली अशी पारखून घेतली गेली. काकांची कोण पारखणार? कोर्टाची अडचणही मला कळते, प्रत्येक डावाचा खटला चालवायचा तर साहेबांचं आयुष्य त्यातच जाईल.

2006 पासून आपल्याकडे शिक्षेच्या तडजोडीची सोय आली. त्यात अर्ज स्वेच्छेनं केलाय ना, हे न्यायाधीशानं आरोपीला एकट्याला, दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून विचारायचं असतं. तरतूद चांगलीच आहे. पण तसं एकट्याला विचारलं असतं तरी काकांनी "स्वखुशीनं" असंच सांगितलं असतं. त्या खोलीत पोलीस नसता, पण तांडेल असताच की, काकांच्या डोक्यात.

गावात या दंडाचं कुणाला काही वाटलं नाही. मात्र वाडीत बांधाचा, आंब्याच्या झाडाचा तंटा झाला की साक्षीला काकांना बोलवत, कारण ते खोटं बोलत नाहीत अशी ख्याती. त्या वर्षानंतर ते जाईनासे झाले. काही ना काही निमित्त सांगायचे.

बऱ्याच वर्षांनी धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट बघत आम्ही धक्क्यावर बसलो होतो. मी विषय काढला. म्हटलं, "काका, पत्त्यांचं एवढं कोण मनावर घेतं?"

"पत्त्यांचं नाय रे," काका म्हणाले. "कोर्टात उभा राहून मी खोटं बोललो."