शेवटचा सेकंद



बास्केटबॉलच्या सामन्यात आपला संघ अगदी शेवटच्या सेकंदाला जिंकला की पाहणारा खुर्चीतून उडतो. हा आनंद निर्मळ म्हणावा का, असा प्रश्न आम्हांला पडतो. कारण त्याच क्षणी समोरच्या बाकावर कोणी तोंड झाकून बसलेले असते. वीस गुणांनी हरणाऱ्याला मन सावरायला निदान वेळ मिळतो, इथे तोही नाही.

एका अमेरिकन सामन्यावरून याचा विचार करू. ४ एप्रिल २०१६ रोजी ह्यूस्टन येथे तिथल्या महाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूला ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी १८४२ साली स्थापन केलेले विलानोव्हा विद्यापीठ (पोप लिओ चौदावे इथलेच, १९७७ चे गणिताचे पदवीधर!), तर दुसऱ्या बाजूला नॉर्थ कॅरोलायना. पाचेक मिनिटे उरली असताना विलानोव्हा दहा गुणांनी पुढे होते. ती आघाडी हळूहळू वितळली. ४.७ सेकंद उरले असताना मार्कस पेजने हवेतच अंग सावरून लांबून चेंडू टाकला आणि तीन गुण मिळवले. ७४-७४! मग विलानोव्हाचा आर्चिडियाकोनो चेंडू घेऊन धावला आणि त्याने तो मागून येणाऱ्या क्रिस जेन्किन्सकडे दिला. जेन्किन्सने फेकलेला चेंडू हवेत असतानाच वेळ संपली, फळ्याभोवतीचे लाल दिवे लागले आणि चेंडू जाळीत पडला. ७७-७४.

आता पाहा, पेजचा नेम चुकला असता तर विलानोव्हा बहुधा तसेही जिंकले असते आणि तो सामना आज फारसा कोणाला आठवला नसता. म्हणजे जिंकणाऱ्याच्या आनंदात पेजचाही वाटा आहे.

पण दुसऱ्या तऱ्हेचीही चटक असते. संत ऑगस्टिन ‘कन्फेशन्स’मध्ये अलिपियस या मित्राची हकीकत सांगतात. सोबत्यांनी त्याला ओढूनच रोमच्या आखाड्यात नेले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले, पण कान कसे मिटणार? गर्दीची आरोळी कानी पडताच त्याने डोळे उघडले आणि तो रक्ताच्या नशेत बुडाला. आपण कोणत्या बाकावर बसलो आहोत, हे ओळखायला आम्हांला एक कसोटी सुचते. प्रतिस्पर्ध्यांचा उत्तम खेळाडू लंगडत बाहेर गेला, तर आपल्याला हायसे वाटते की खेळाची मजा गेली असे वाटते?

ह्यूस्टनच्या त्या रात्री प्रेक्षकांत एक जोडपे होते. जेन्किन्स शाळकरी वयातच त्यांच्या घरी राहायला आला, तेच त्याचे कायदेशीर पालक. त्यांच्या पोटचा मुलगा नेट ब्रिट नॉर्थ कॅरोलायनाच्या संघात होता. चेंडू जाळीत पडला तेव्हा त्या आईबापांनी उडी मारावी की डोळे पुसावेत?

पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाने अजिंक्यपद मिळवले. नेट तेव्हाही त्या संघात होता.