पुसले म्हणून फिटले काय?

सज्जनहो, लॅपटॉप कारखान्यातून आला तसा पुन्हा करता येतो, असे म्हणतात. पण तो खरोखर कोरा होतो काय? २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये त्यासाठी दोन वाटा ठेविल्या आहेत: आपल्या फाइली राखून यंत्रणा नव्याने बसवावयाची, किंवा सारेच काढून टाकावयाचे. दुसऱ्या वाटेनेही, सफाई वेगळी मागितली नाही, तर फिरत्या हार्ड डिस्कवर बहुधा नोंदीच तेवढ्या जातात. वर नवे लिहीपर्यंत मजकूर तसाच राहतो. जाणता माणूस तो उकरून काढतो. आणि बॅटरीची झीज? ती कशानेच भरून येत नाही.

आता पाहा, शेजाऱ्याच्या उसन्या पैशांचा हिशेब त्यात होता. तो पुसला, म्हणून देणे फिटले काय? छे! शेजारी काही विसरला नाही. उलट, दुसऱ्यांची पत्रे, छायाचित्रे न पुसता यंत्र विकले, तर तोही दोषच. ती आपल्याकडची ठेव होती.

म्हणून बाबांनो, क्रम सांभाळावा. आधी देणे द्यावे, हवे ते उतरवून घ्यावे, आणि मगच पुरती सफाई करून यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यावे.